विहिरीपासून दहा मीटर!

इंडोनेशियातील बाली बेटावरच्या एका खेड्यात तुम्ही घर बांधत आहात, अशी कल्पना करा. अंगणात विहीर खणली, पंपाने पाणी उंच टाकीत चढवले. आता शौचालयाचे सांडपाणी कोठे सोडाल?

सेप्टिक टाकीत मैला तळाशी बसतो व प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू त्याचे विघटन करतात. पण टाकीतून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते! त्यातील रोगजंतूंना शोषखड्ड्याभोवतीची माती अडवते. पाणी सावकाश झिरपले, तरच हे काम नीट होते. म्हणून विहीर व शोषखड्डा यांत निदान १० मीटर अंतर ठेवतात. बालीची जमीन ज्वालामुखीच्या राखेची व खडकाची. जेथे ती भेगाळ असेल, तेथे अंतर वाढवावे. विहीर चढाला, शोषखड्डा उताराला.

मग सांडपाणी शेजारच्या पाटात सोडले तर? मुळीच नको! ‘सुबाक’ या शेतकऱ्यांच्या सामुदायिक पाटबंधारे पद्धतीत (२०१२ पासून जागतिक वारसा) पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाते. तुमची घाण खालच्या शेतकऱ्याच्या पायाशी पोचेल.

आणि हो, अंतर मोजाल तेव्हा शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही मोजा!