काळ्या गाडीवरची गोल जाळी

काळी गाडी भर उन्हात उभी असताना बॉनेटमध्ये दिसणाऱ्या सूर्याकडे जरा तिरके पाहा. त्याच्याभोवती बारीक ओरखड्यांची गोल गोल जाळी दिसेल. यांनाच ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात. फडके गोल फिरवल्याने ते पडतात, असा सर्रास समज आहे. खरे तर ओरखडे हव्या त्या दिशेला, वेडेवाकडे पडलेले असतात. त्यांतले जे प्रतिबिंबाभोवती वर्तुळाच्या ओळीत येतात, तेवढ्यांवरूनच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळतो. बाकीचे दिसत नाहीत. आपण जागा बदलली की वर्तुळेही प्रतिबिंबामागोमाग सरकतात. घासून जुने झालेले स्टीलचे ताट बल्बखाली धरले, तरी हाच प्रकार दिसतो.

हे ओरखडे पडतात ते रंगावरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि मोस श्रेणीत क्वार्ट्झची कठीणता 7 आहे. तो काचेलाही ओरखडतो, तिथे क्लिअर कोटची काय कथा! सोसायटीत रोज सकाळी एकाच बादलीतल्या पाण्याने, एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात, तेव्हा हे कण या गाडीवरून त्या गाडीवर फिरत राहतात. पांढरी गाडीही यातून सुटत नाही. तिच्यावरचे ओरखडे फक्त नजरेत भरत नाहीत.

पॉलिशने ओरखडा भरून येत नाही. पॉलिशमधले अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे सूक्ष्म कण भोवतालचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळाशी आणतात. म्हणजे दर खेपेला थर थोडा झिजतोच. तो फार पातळ झाला, की उन्हातल्या अतिनील किरणांपुढे टिकत नाही आणि पापुद्रे सुटू लागतात. नख अडकावे इतका खोल ओरखडा घालवण्याच्या नादी म्हणूनच लागू नये. मेण नुसते खाचा बुजवते. ते धुऊन निघाले की जाळी पुन्हा हजर.

त्यापेक्षा धुण्याची पद्धत बदलावी. आधी भरपूर पाणी मारून धूळ वाहून जाऊ द्या. मग शाम्पूच्या पाण्याने वरून खाली धुवा. फडके खळबळायला दुसरी बादली ठेवा. शेवटी मायक्रोफायबरच्या कापडाने न घासता पाणी टिपून घ्या. पाणी नसेल, तर एक दिवस गाडी धुळकट राहू द्या. पण कोरडे फडके मारू नका.