आट्यांतला रंग

जुन्या सायकलीस नवा रंग देण्याची हौस हल्ली पुन्हा दिसू लागली आहे, आणि ती आम्हांस मनापासून आवडते. आजोबांनी वापरलेली, पुढे काकांनी महाविद्यालयात नेलेली आणि शेवटी जिन्याखाली गंजत पडलेली सायकल नातवंडांच्या हाती नव्या कांतीने यावी, यात नुसती काटकसर नाही. घराचा एक धागा पुढे चालतो. परंतु सांगाडा रंगून घरी आला, सर्वांनी त्याचे कौतुक केले, आणि भाग जोडावयास बसावे तो एकही पेच आत शिरेना, असा अनुभव पुष्कळांना येतो. रंगाऱ्याचा फवारा आट्यांत शिरलेला असतो. पुढची दहा मिनिटे मोठी निर्णायक ठरतात, कारण सांगाडे बिघडतात ते बहुधा याच वेळी.

एवढासा रंग, तो काय अडवणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. येथे थोडा हिशेब पाहावा. सायकलीच्या आट्यांची खाच साठ अंशांची असते. खाचेच्या उतरत्या बाजूवर रंगाचा जेवढा थर बसतो, त्याच्या चौपट फरक आट्याच्या परिणामी व्यासात पडतो. कारण थर व्यासाच्या दोन्ही टोकांना असतो आणि उतार तिरपा असल्यामुळे प्रत्येक टोकास त्याचा परिणाम पुन्हा दुप्पट होतो. भुकटीचा भाजलेला रंग, ज्यास पावडर कोटिंग म्हणतात, तो सामान्यतः ०.०६ ते ०.१० मिलिमीटर जाडीचा असतो. म्हणजे ०.०६ चा थर धरला तरी भोक जवळजवळ पाव मिलिमीटरने अरुंद झाले. ज्या आट्यांची एकूण खोलीच अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तेथे पाव मिलिमीटर म्हणजे भिंतच होय.

अशा भिंतीवर लांब दांड्याचा पाना चालविला तर काय होते, हे आमच्या परिचयाच्या एका घरी पाहावयास मिळाले. एका कारागिराने पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी अडकवून कप आत रेटला. कप गेला खरा, पण तिरका गेला, आणि जाताना त्याने सांगाड्याचे मूळ आटे कापून आपले नवे पाडले. तेव्हापासून आस सरळ बसत नाही, दात्याचे चक्र डुलते आणि साखळी उतरते. रंग मात्र अजून सुरेख आहे. रंग पुन्हा केव्हाही देता येतो. पोलादातून कापले गेलेले आटे पुन्हा भरून येत नाहीत.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे पायट्यांचा आस जिच्यात बसतो ती तळची आडवी नळी. दुकानांत तिला बीबी म्हणतात. तिच्या दोन्ही तोंडांशी आतून आटे असतात. इंग्रजी प्रमाणाच्या सांगाड्यांत त्यांचा व्यास १.३७ इंच असून इंचास २४ आटे असतात. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याच्या पुष्कळ जुन्या सायकलींवर मात्र इंचास २६ आटे असत. हा दोन आट्यांचा फरक डोळ्यांस दिसत नाही. परंतु आटे साफ करण्यासाठी कोणाकडून तरी २४ चा टॅप मागून आणून तो २६ च्या नळीत फिरविला तर रंगाबरोबर आटेही जातील. यास्तव या सायकलीतून निघालेला जुना कप टाकू नये. त्या नळीचे खरे माप त्याच्याजवळच असते.

दुसरी गोष्ट फिरविण्याच्या दिशेची. इंग्रजी पद्धतीत स्वाराच्या उजव्या हाताकडील कपाचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरविला असता आवळतो. हा कोणा लहरी कारखानदाराचा खेळ नव्हे. पायटे मारताना छऱ्यांवरचा भार गोल फिरत राहतो व तो कपास आसाच्या उलट दिशेने हळूहळू सरकवीत असतो. आटे नेहमीचे असते तर उजवा कप चालता चालता सैल झाला असता. इटालियन सांगाड्यांत दोन्ही बाजूंचे आटे सुलटे असतात, आणि तेथे उजवा कप फार घट्ट आवळावा लागतो तो याचमुळे. रंगाने अडलेला कप आणि चुकीच्या दिशेने फिरविलेला कप हातास सारखेच लागतात; म्हणून दिशा आधी निश्चित करावी.

आता प्रत्यक्ष काम. हवेत वाळणारा रंग असेल तर तो पुरता कडक होऊ द्यावा, कारण ओला रंग सोलपटून बाहेर ओढला जातो. प्रथम नळीच्या तोंडाच्या कडेवर धारदार पात्याने रंगास बारीक चीर पाडावी, म्हणजे आतला रंग निघताना बाहेरचा टवका उडणार नाही. मग पितळी तारेचा लहान ब्रश आट्यांच्या ओळीने फिरवावा, आणि उरलेला रंग बांबूच्या टोकदार काडीने किंवा बोथट सुईने खाचेतून उकरावा. साधा नायट्रोसेल्युलोजचा रंग थिनरच्या बोळ्याने सुटतो. भाजलेल्या भुकटीवर थिनर फारसा चालत नाही, तेथे रंग काढण्याचे लुकण लागते. ते ब्रशाने नेमके आट्यांपुरतेच लावावे. एक थेंब बाहेर ओघळला की नवा रंग फुगलाच. अशा काही लुकणांत मिथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि अमेरिकेने २०१९ साली रंग काढण्यासाठी त्याची घरगुती विक्री बंद केली. डब्यावरील मजकूर वाचावा, आणि मुलाबाळांच्या घरात हे काम खोलीत न करता अंगणात करावे.

यानंतर जुन्या कपाचे हत्यार करावे. त्याच्या आट्यांवर आडवे छेदणारे तीन-चार उभे चर तिकोनी कानशीने पाडावेत व चरांच्या कडांवरील कुसे साफ करावीत. सुटलेला रंग या चरांत गोळा होतो, आणि कपाचे आटे मूळचेच असल्यामुळे पोलाद कापले जाण्याचे भय कमी राहते. भरपूर ग्रीस लावून कप तोंडाशी सरळ धरावा आणि आधी सोडविण्याच्या दिशेने हळूच फिरवावा. आटा आट्यावरून घसरून खाली बसल्याचा एक बारीकसा टक् हातास जाणवतो. तेथून आवळण्याच्या दिशेने वळावे. पहिले दोन फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. ते गेले नाहीत तर पान्यास हात लावू नये, पुन्हा ब्रश घ्यावा. पुढे अर्धा फेरा आत, पाव फेरा मागे, असे चालावे, आणि जड लागताच कप बाहेर काढून पुसावा. या कामास घाई मानवत नाही. सुटीतली दुपार बरी.

चाकावरील पंख्याचे, सामानाच्या जाळीचे व पाण्याच्या बाटलीचे लहान पेच आधुनिक सायकलींवर बहुधा ५ मिलिमीटरचे असतात. तेथे त्याच मापाच्या पोलादी पेचास चर पाडून हीच युक्ती करावी. पुढच्या चिमट्याच्या दांड्यावरचे आटे बाहेरून असल्यामुळे ते सोपे. सुतळी रॉकेलात किंवा टर्पेंटाइनमध्ये भिजवून आट्यांत गुंडाळावी आणि दोन्ही टोके धरून मागेपुढे ओढावी. गिअरचा सांगाडा असेल तर मागील चाकाजवळचे १० मिलिमीटरचे भोक विशेष सांभाळावे; ते पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असते व लवकर जाते.

एवढे करूनही कप शिरला नाही, तर दोन्ही बाजूंचे टॅप एकाच मार्गदर्शक दांड्यावर सरळ चालविणारे हत्यार ज्याच्यापाशी आहे, अशा कारागिराकडे सांगाडा न्यावा, आणि सोबत जुना कप अवश्य द्यावा. रंगावयास देताना जुने कप ग्रीस लावून जागेवरच ठेवले, आणि लहान भोकांत जुने पेच बसविले, तर यांतले काहीच करावे लागत नाही. भाजण्याच्या रंगासाठी ग्रीस चालत नाही. तो रंग सुमारे १८० ते २०० अंशांवर भाजतात, त्यासाठी उष्णता सोसणारी सिलिकोनची बुचे मिळतात. रंगाऱ्यास हे तोंडी न सांगता चिठ्ठी लिहून सांगाड्यास बांधावी.

साफ झालेले आटे उघडे पोलाद असतात आणि आपल्याकडील पावसाळ्यात ते आठवड्यात तांबूस होतात. म्हणून जोडतानाच ग्रीस भरावे. नळीच्या तोंडाच्या सपाट कडेवरचा रंगही, कप टेकतो तेवढा, खरवडून काढावा. तेथे राहिलेला रंग दबत जातो आणि कप सैल होतो. तेव्हा महिन्याभराने एकदा पाना लावून पाहावा.