शंकरशेट, जगन्नाथ
(१० फेब्रुवारी १८०३–३१ जुलै १८६५). मुंबईतील एक धनिक व्यापारी, शिक्षणप्रसारक व सार्वजनिक कार्यकर्ते. नाना शंकरशेट या नावानेही प्रसिद्ध. मूळ आडनाव मुरकुटे. दैवज्ञ ज्ञातीतील हे घराणे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. वडिलांच्या निधनानंतर (१८२२) वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास पेढीचा कारभार त्यांच्याकडे आला. सचोटीविषयी त्यांची ख्याती एवढी होती, की अरब व अफगाण व्यापारीही आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवीत. हा विश्वास हेच त्यांच्या सार्वजनिक जीवनाचे भांडवल ठरले.

शिक्षण मंडळाचे (स्थापना १८४०) ते सदस्य होते. मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरला, तेव्हा शंकरशेट व कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांनी त्यास विरोध केला. सर्वसामान्य जनतेपर्यंत ज्ञान पोहोचावयाचे, तर ते तिच्याच भाषेतून पोहोचले पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. वुडच्या खलित्याने (१८५४) सामान्य जनतेच्या शिक्षणास देशी भाषा व उच्च शिक्षणास इंग्रजी असे दोन्ही भाषांना स्थान दिले. स्त्रीशिक्षणास प्रतिकूल अशा काळात त्यांनी मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली. सतीबंदीच्या कायद्यासही त्यांचा पाठिंबा होता.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला. तिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली.

बाँबे असोसिएशन (१८५२) या मुंबईतील पहिल्या राजकीय संस्थेचे ते अध्यक्ष होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाचा प्रश्न उपस्थित झाला असता संस्थेने ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज धाडून कायदेमंडळात व वरिष्ठ अधिकारपदांवर एतद्देशीयांचा समावेश करण्याची मागणी केली. १८५७ च्या उठावाच्या वेळी त्यांच्यावर संशय घेण्यात आला; परंतु तो निराधार ठरला. इंडियन कौन्सिल्स ॲक्टनुसार (१८६१) मुंबई प्रांताचे कायदेमंडळ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्यावर शंकरशेट यांची नियुक्ती झाली. अर्जातील मागणी अशा रीतीने अंशतः फळास आली. तथापि हे सदस्य लोकांनी निवडलेले नव्हते, त्यांना प्रश्न विचारण्याचा वा अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा अधिकारही नव्हता. राज्यकर्त्यांचा विश्वास राखून लोकांची बाजू मांडणे, ही त्यांची कार्यपद्धती होती. तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या पदावरून दिसून येते.

मुंबई येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ मॅट्रिकच्या परीक्षेसाठी संस्कृतच्या शिष्यवृत्त्या ठेवण्यात आल्या. त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आहे.