तापलेले छप्पर आणि तुमचे आरोग्य

पासलीसारख्या डोंगराळ गावात छप्पर घालताना आधी पावसाचा विचार होतो. पत्रा पाऊस अडवतो. पण एप्रिल-मेमध्ये तोच पत्रा तापतो आणि उष्णता थेट खाली सोडतो. जुन्या कौलारू घरांत मधला माळा ही उष्णता अडवत असे. पत्र्याच्या घरात बहुधा तो नसतो.

त्रास कोणाला जास्त?
वृद्ध, तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया, तसेच हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार किंवा मधुमेह असलेल्यांना. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातले पाणी लवकर कमी होते. मात्र गोळ्या स्वतःहून बंद करू नका. उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार घरातले तापमान दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांच्या खाली असावे. घर ४० अंशांच्या वर तापले, तर नुसत्या पंख्याने शरीर थंड होत नाही.

काय करता येईल?
• पत्रा: गंज घासून, प्रायमर लावून वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग द्या. काम पावसाळ्याआधी उरका.
• स्लॅब: वरून चुन्याची सफेदी करा. पावसात ती धुऊन जाते, म्हणून दरवर्षी पुन्हा द्यावी लागते.
• आतून: पत्र्याखाली बांबूच्या चटईचे छत बांधा. दोन्हींमध्ये हवा खेळती ठेवा. चुलीच्या वर मात्र चटई नको.
• सिमेंटचा जुना पत्रा: त्यात ॲसबेस्टॉस असू शकते. तो घासू, कापू किंवा फोडू नका. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

छप्पर कमी तापले की पंखा-कूलर कमी चालतो आणि वीजबिलही उतरते. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. पुढे तिथे छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही सुरू झाले.

लगेच मदत कधी घ्यावी?
अंग खूप तापले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते, तर तो उष्माघात समजा. १०८ वर फोन करा. रुग्णाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. दुर्गम गावात रुग्णवाहिका पोचायला वेळ लागतो, म्हणून अंग थंड करणे फोनसोबतच सुरू करा.