खुराड्यावरील पत्रे

परसात चार कोंबड्या असल्या की मुलांच्या ताटात अंडी येतात आणि स्वयंपाकघरातील उष्टेखरकटेही वाया जात नाही. असे खुराडे बहुधा घरचीच माणसे उभारतात. जुने वासे, थोडी जाळी आणि वर दोन-तीन पन्हळी पत्रे एवढ्यावर काम भागते. दार आणि जाळी आपण काळजीने बसवतो. पत्र्यांना मात्र चार खिळे ठोकले, फार तर वर दोन धोंडे ठेवले, की काम संपले असे मानतो. पहिल्या वादळी पावसात ही समजूत महाग पडते.

छप्पर कोसळू नये अशी आपल्याला चिंता असते. हलका पत्रा उडू नये ही चिंता खरे पाहता अधिक मोठी आहे. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला 4 ते 5 किलो असते. उलट, ताशी 100 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा जोर तेवढ्याच जागेवर सुमारे 47 किलो वजनाएवढा होतो. छपरावरून जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो आणि जाळीतून आत शिरलेला वारा त्याला खालून उचलतो. ही ओढ कडांशी आणि कोपऱ्यांशी सर्वांत जास्त असते. 3 मे 2019 रोजी पुरीजवळ ‘फनी’ आणि 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ ही चक्रीवादळे धडकली, तेव्हा कित्येक घरांचे पत्रे उडाले. असा उडालेला पत्रा शेजारच्या अंगणातील माणसाचाही घात करू शकतो.

म्हणून साधा खिळा वापरू नये. उन्हाने पत्रा प्रसरण पावतो, रात्री आकुंचतो. या रोजच्या हालचालीने खिळा हळूहळू सैल होतो. त्याऐवजी रबरी वायसर असलेले जस्ती स्क्रू घ्यावेत. पन्हळी पत्र्याची रचना शेतातील सरी-वरंब्यासारखी असते. लाकडी रिपांवर पत्रा बसवताना स्क्रू वरंब्यावर मारावा, सरीत नव्हे. कारण पाणी सरीतून वाहते. वरंब्याची उंची सुमारे पावणेदोन सेंटिमीटर असते आणि स्क्रू लाकडात निदान 3 सेंटिमीटर जावयास हवा. तेव्हा 5 ते 6 सेंटिमीटर लांबीचा स्क्रू योग्य. वायसर नीट टेकला की थांबावे. अधिक आवळल्यास वरंबा चेपतो आणि तेथेच पाणी साचते. कडांवर एकाआड एक वरंब्यावर स्क्रू द्यावा. मधल्या रिपेवर थोडे अंतर वाढवले तरी चालेल. भोके पाडताना पडलेला लोखंडी कीस झाडून टाकावा, नाहीतर तो पत्र्यावर गंज धरतो.

शेजारच्या पत्र्यांनी एकमेकांवर दीड वरंब्याइतके चढले पाहिजे. आपल्याकडे पाऊस ज्या दिशेने येतो, तिच्या विरुद्ध टोकापासून पत्रे घालीत यावे. म्हणजे सांध्याचे तोंड वाऱ्याकडे राहत नाही. कोकणात हा वारा नैर्ऋत्येचा, तर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मुख्य पाऊस ईशान्येकडून येतो. यास्तव स्वतःच्या गावचा वारा पाहूनच आरंभ करावा. पत्रे चढवताना वारा नसावा, हातांत जाड मोजे असावेत आणि दुसरे माणूस धरावयास असावे.

एवढ्याने काम पुरे होत नाही. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा खांबाला आणि खांब जमिनीला घट्ट हवा. यांतील एक सांधा कच्चा राहिला तर बाकीच्यांची मजबुती व्यर्थ जाते.

जुने फुटके ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र कापू अथवा भोसकू नका. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. तसेच कोंबड्यांना घाम येत नाही, धापा टाकूनच त्या अंग थंड करतात, हे ध्यानात ठेवून छपराखाली हवेसाठी जाळी लावलेली फट ठेवा. पत्र्यावर चुन्याचा हात दिल्यास उन्हाची धग कमी होते.

काम झाल्यावर भर दुपारी खुराड्यात डोके घालून वर पाहा. जेथे उजेडाचा ठिपका दिसेल, तेथून पावसाचे पाणी येईल. गळणाऱ्या छपराखाली अंथरलेला भुसा कुजतो, अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि पिलांना रक्ती हगवणीसारखा रोग जडतो. दरवर्षी मृगापूर्वी अर्धा तास देऊन सैल स्क्रू आवळले, तर कोंबड्या पावसाळाभर कोरड्या राहतील आणि वादळाच्या रात्री घरच्यांनाही निवांत झोप लागेल.