घरकुल बांधताय? एका घरातली चूक दुसऱ्या घरात नको, एक वही ठेवा!

गावात घरकुलं मंजूर झाली की एकच मिस्त्री चार-पाच घरं हातात घेतो. पहिल्या घराच्या स्लॅबला तडे गेले, तर पाचव्यालाही जातात. कारण चूक कुठे झाली, हे कुणी लिहूनच ठेवत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागातल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात, तेही हप्त्यांनी. टप्पा पूर्ण झाल्याचा फोटो चढल्यावरच पुढचा हप्ता. त्यात तोडून पुन्हा बांधायला पैसा कुठून आणणार?

जपानी कारखान्यांत यावर ‘कायझेन’ नावाची पद्धत आहे. म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा. आधी ठरवा, मग करा, तपासा आणि चुकलं ते पुढच्या वेळी सुधारा. हे घरकुलालाही जमतं.

कुठे काय तपासायचं?

▪ आखणी : खोलीचे दोन्ही कर्ण दोरीने मोजा. सारखे नसतील तर खोली तिरकी. खोदण्याआधी दुरुस्ती फुकट होते, नंतर नाही.

▪ काँक्रीट : एम-20 मालाला 50 किलोच्या गोणीमागे पाणी 30 लिटरच्या वर नको. वाळू ओली असेल तर आणखी कमी. माल पातळ केला की ओतायला सोपा, पण ताकद जाते.

▪ पाणी मारणे : ओपीसी सिमेंट असेल तर किमान 7 दिवस, पीपीसी असेल तर 10 दिवस. प्रकार गोणीवर छापलेला असतो.

▪ टेकू : साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ओपीसीत किमान 7 दिवस, त्याहून मोठ्याचे 14 दिवस काढू नका. पीपीसी असेल तर इंजिनिअरला विचारून जास्त दिवस ठेवा.

वहीत काय लिहायचं?

तारीख, काम, किती गोण्या लागल्या, किती दिवस पाणी मारलं आणि काय चुकलं. पाया, जोतं, लिंटेल, स्लॅब असा प्रत्येक टप्पा झाला की मिस्त्रीसोबत पंधरा मिनिटं बसा आणि वही वाचा. समजा, स्लॅबला तडे दिसले आणि वहीत पाणी चारच दिवस मारल्याचं निघालं. मग पुढच्या घराला ते काम कोण करणार, हे आधीच ठरवा.

एक लक्षात ठेवा, वही मिस्त्रीला धारेवर धरायला नाही. चूक सांगितली की शिव्या मिळतात असं दिसलं, तर तो पुढची चूक प्लास्टरखाली झाकेल. नुकसान मग तुमचंच.

तुमचं घर झालं की वही शेजाऱ्याला द्या. त्याचा पाया खोदायचा असेल, तेव्हा ती कामाला येईल.