कान्याची मात्रा, मात्रेचा काना

स्पॅनिश शिकताना : भाग ७

मागच्या आठवड्यात आपण हुकूम सोडायला शिकलो. आब्लार म्हणजे बोलणं, त्यावरून 'आब्ला', बोल. कोमेर म्हणजे खाणं, त्यावरून 'कोमे', खा. आज मनाई.

वर्गात दर वर्षी कुणीतरी या हुकमाच्या पुढे नुसता 'नो' लावून मोकळं होतं : 'नो कोमे'. स्पॅनिश कानांना त्यातून ऐकू येतं, 'तो खात नाही'. करायला गेलो मनाई आणि झाली तक्रार!

मराठीत तरी 'नाही खा' कुठे चालतं? 'खा'चं 'खाऊ' होतं, मगच 'नकोस' येतं. स्पॅनिशमध्ये बदलतो तो फक्त शेवटचा स्वर, आणि हा बदल देवनागरीत लिहिला की रोमनपेक्षा स्वच्छ दिसतो. 'आर'ने संपणाऱ्या क्रियापदाचा काना काढून मात्रा द्यायची. 'एर' आणि 'ईर'वाल्यांची मात्रा काढून काना. 'तू'साठी वर एक 'स'.

आब्ला, पण नो आब्लेस. कोमे, पण नो कोमास. एस्क्रीबे (लिही), पण नो एस्क्रीबास.

ही अदलाबदल लॅटिनपासूनची आहे. तिथेही 'कांतात' म्हणजे गातो आणि 'कांतेत' म्हणजे गावं. इच्छा, शंका, विनवणी यांसाठी राखलेली ही रूपं स्पॅनिशमध्ये सुबखुंतीवो म्हणून ओळखली जातात. मनाई तिथूनच रूप उसनं घेते.

समोरची व्यक्ती अहो-जाहोतली असेल तर 'स' गाळा : नो आब्ले, नो कोमा. समोर अनेक जण असतील तर 'न' जोडा : नो आब्लेन, नो कोमान. स्पेनमध्ये मात्र मित्रमंडळींना नो आब्लेइस, नो कोमाइस म्हणतात.

आता तोकार, हात लावणं. तोका, नो तोकेस. उच्चारात काही अडचण नाही, आपला क तो क. रोमन लिपीत मात्र 'सी'पुढे 'ई' आला की त्याचा क राहत नाही, म्हणून तिथे 'क्यू' आणि 'यू' आणून बसवतात. विद्यार्थी याला अपवाद समजून घाबरतात. उच्चार सांभाळण्यासाठी केलेली ती डागडुजी आहे, इतकंच.

भिंतीवरच्या पाट्यांना यातलं काही लागत नाही. त्या मूळ क्रियापदावरच भागवतात : 'नो फुमार', धूम्रपान करू नये. 'येथे थुंकू नये' लिहिणाऱ्या आपल्या पाट्याही कुणा एकाकडे बोट दाखवत नाहीत.

एक खोच राहिली. 'त्याला हात लाव' म्हणताना 'लो' मागे चिकटतो : तोकालो. मनाईत तोच उठून क्रियापदाच्या पुढे येतो : नो लो तोकेस. तोंडात बसेपर्यंत घरातल्या गरम तव्याकडे बोट दाखवून म्हणत राहा. वेनीरसारखी आडमुठी क्रियापदं पुढच्या आठवड्यात.